पाहुण्याला आमची आळी दाखवली

रत्नागिरी, सोमवार, नोव्हेंबर १९३६

जर्मनीतून पळून आलेला एक यहुदी डॉक्टर आज आम्हा कोकणी यहुद्यांची इस्राएल आळी पाहायला आला. मला इंग्रजी येतं, म्हणून फिरवायचं काम माझ्याकडे. तेलाचा घाणा दाखवला, प्रार्थनेची खोली दाखवली. पण त्याची नजर प्रत्येक दाराच्या चौकटीवर, तिथे ठोकलेल्या देववचनाच्या नळीवर; यहुदी घराची ती खूणच. तिला बोटं लावून तो ओठांशी नेई आणि लगेच मागे वळून रस्ता पाही. रस्त्यात होतं कोण? कोंबड्या!

"ही घरं यहुद्यांची, हे गावाला ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

मी अभिमानानं म्हणालो, "शेंबडं पोरही दाखवील."

तो थांबला. "आमचीही शेजाऱ्यांनीच दाखवली, फोडायला आलेल्यांना."

आळीतल्या रिबकामावशीनं त्याच्यापुढे शहाळं धरलं. मला म्हणाली, "पाहुणा असा पांढराफटक का रे पडला? ऊन लागलं काय?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

इथे असं कधी झालं नाही. होणारही नाही. मग ती नळी डोळ्यांपुढून का जात नाही?

दिवेलागणीला कडी वाजली. शेजारचे सखारामभाऊ असणार, या वेळेला तेच येतात. तरी उघडण्याआधी मी विचारलं, "कोण?"

बाहेरून त्यांचा दुखावलेला आवाज आला, "कोण म्हणजे? मी रे."