टोळीत तीन वैद्य

शनिवार, २३ जून २०१८

तीन वैद्य! एका टोळीत तीन वैद्य आणि एक लढवय्या. राक्षस मारायला निघालोय की आरोग्य शिबिर भरवायला?

चूक आमच्या शनिवारच्या खेळातल्या नियमाची. नवी मोहीम सुरू करताना प्रत्येकाने आपलं पात्र घरून ठरवून आणायचं, आधी कुणाला सांगायचं नाही. नाहीतर सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी वाटून देते — पुढे कुणी उभं राहायचं, कुलपं कुणी उघडायची, मागून बाण कुणी सोडायचे. मी कायम मांत्रिक. सगळ्यांच्या मागे उभं राहून अक्कल शिकवायची, हा माझा पिंडच आहे. वैद्य कुणालाच नको असतो. बाकीचे लढतात आणि हा आपला मलमपट्टी करत बसतो.

नासिर एप्रिलनंतर आज पहिल्यांदा आला. एप्रिलमध्ये त्याला हार्ट अटॅक आला होता, दोन स्टेंट घातले. शर्ट अंगावर लोंबतोय. श्यामसुंदरने — गोष्ट तो चालवतो, राक्षसही त्याचेच — पात्रं मांडायला सांगितली. नासिर: लढवय्या, नेहमीप्रमाणे. उल्का: वैद्य. मी: वैद्य. नासिरची बायको परवीन, जिने आजवर तिरंदाजाशिवाय काही घेतलं नाही: वैद्य.

कुणी कुणाला विचारलं नव्हतं. देवाशप्पथ.

नासिरने आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. ‘मला सलाईन लावायला जमलाय का?’ म्हणाला आणि फासे डबीत भरून उठला. परवीन त्याला म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी चहा संपवून येते. आणि खरंच संपवला.

रविवार, २४ जून

शेजारच्या प्रेमलाबाईंनी विचारलं, दर शनिवारी कर्वेनगरला कसली भिशी असते? म्हटलं, भिशी नाही, खेळ. आम्ही कागदावर माणसं बनवतो, फासे टाकतो आणि राक्षस मारतो. रिटायर झाल्यावर हे कशाला, म्हणाल्या. म्हटलं, बँकेत असताना मारता आले नाहीत.

शनिवार, ३० जून

नासिर आला नाही. परवीनही नाही. उल्का आणि मी, दोन वैद्य, एकमेकींची तब्येत विचारत बसलो. श्यामसुंदरने लवकरच पट आवरला.

मंगळवार, ३ जुलै

बुधवार पेठेत नासिरच्या दुकानात गेले. मिक्सरची वायर हवी म्हटलं. नको होती. त्याने मुकाट्याने काढून दिली. ‘आणखी काही?’ गिऱ्हाइकाला विचारतात तसं! कॉलेजपासूनची मैत्री आमची.

म्हटलं, चुकलं बाबा. पण काळजी वाटते त्याला काय करू?

तो वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, ‘घरी जिना चढलो की परवीन मागे. इथे खोकलो की शेजारचा दुकानदार खुर्ची घेऊन येतो. शनिवारी तरी मी ठणठणीत असायचो, कुसुम. तेवढाच वेळ.’

वायर पिशवीत टाकली आणि निघाले. बसमध्ये डोळे पुसत होते, तर शेजारची बाई म्हणाली, धूळ फार झालीय हो. हो म्हटलं.

बुधवार, ४ जुलै

नियम मोडला. सगळ्यांना फोन करून पात्रं मीच वाटली. उल्का चोर, परवीन तिरंदाज, मी मांत्रिक. वैद्य नाही.

परवीन म्हणाली, ‘आणि ते मेले तर?’

म्हटलं, पटावर ना? मेला तर मेला.

नासिरला एवढंच कळवलं, पुढे उभं राहायला माणूस नाही. येतोस का?

शनिवार, ७ जुलै

आला!

पुलावर राक्षस. मी चाल सांगितली: नासिरने एकट्याने पूल अडवायचा, आम्ही नदीतून वळसा घालून मागून जायचं. जुनी चाल आहे, चालते ती त्याच्याच जिवावर. उल्काने माझ्याकडे डोळे वटारले. मी पटाकडे बघत राहिले. आम्ही नदीच्या मधोमध असताना त्याचे फासे उलटे पडायला लागले. तरी मी चाल बदलली नाही.

‘मेलास,’ श्यामसुंदर म्हणाला आणि जीभ चावली.

नासिर हसायला लागला. इतका हसला की परवीनने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ‘काय मेलो यार!’ दोनदा म्हणाला. मागून आम्ही राक्षस मारला, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जाताना मला म्हणाला, पुढच्या वेळी नवं पात्र आणतो.

फार बरं वाटतंय आज.

शनिवार, १४ जुलै

खेळ नाही. परवीनचा फोन आला, जमणार नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दिवसभर नासिरचीच काळजी.

शनिवार, २१ जुलै

नासिर नवं पात्र घेऊन आला. वैद्य.

म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? मग पुढे कोण उभं राहणार?

‘परवीन,’ तो म्हणाला. ‘तिला गाठ आलीय, मागच्या शनिवारी रिपोर्ट आला. चांगला नाही. लढवय्या मीच होणार म्हणते. आणि वैद्य एकच पुरे.’

परवीनने आपली सोंगटी सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली आणि श्यामसुंदरला म्हणाली, चला, करा सुरू.