विहिरीपर्यंत ऐकू येईल असं मशीन

मळ्यातून, ता. तासगाव
चैत्र, १९७६

तीर्थरूप लालादादांच्या चरणी धाकट्या मानसिंगचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आईचे गुडघे खुशाल नाहीत, तांबडी गाय खुशाल नाही आणि मी तर अजिबात नाही. पण तुम्ही सरहद्दीवर उभे असताना असलं रडगाणं लिहू नये असं आबांचं म्हणणं आहे. आबा मात्र खरोखर खुशाल आहेत. तुमची, पलटणीची आणि तिथल्या थंडीची हालहवाल कळवावी.

दादा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. मागच्या सुट्टीत कलकत्त्याहून तुम्ही मला इलेक्ट्रिक गिटार आणलीत. तिला आवाजाचं मशीन वेगळं लागतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही. मशीन नसलं की ती कानाशी डास आल्यासारखी वाजते. तासगावच्या पोरांनी मला ऑर्केस्ट्रात घेतलं ते तिच्या लाल रंगाकडं बघून. तेव्हापासून मी स्टेजवर जीव तोडून वाजवतोय आणि आमच्या ढोलकीवाल्या धुळापुढं ते माझं मलाच ऐकू येत नाही. (एका लग्नात माझ्या दोन तारा तुटल्या तरी कुणाला पत्ता लागला नाही, उलट नवरीच्या मामानं पाठ थोपटली.) आबांनी एकदाच येऊन बघितलं आणि घरी जेवताना म्हणाले, "फळी खाजवतंय नुसतं." त्यानंतर त्यांनी अट घातली. ती तुम्हाला कळली असेलच, कारण ते पत्र त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतलं. मी गावच्या जत्रेत वाजवायचं. आबा जत्रेला येणार नाहीत, मळ्यात विहिरीच्या काठावर बसणार. तिथपर्यंत ऐकू आलं तर गिटार ठेवायची. नाही आलं तर विकून टाकायची आणि पुढच्या भरतीला तुमच्याकडं यायचं. पलटणीबद्दल मला आदर आहे, दादा. पण माझा सगळा जीव त्या सहा तारांत आहे, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तेव्हा देवळापासून आपल्या विहिरीपर्यंत पोचेल असं जुनं मशीन शोधणं आलं. (नव्याचं नाव काढलं तेव्हा आबांनी असं बघितलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.) खरेदीला सोबत केरबातात्या. आपल्या या चुलत्यानं हयातीत बैलाशिवाय काही विकत घेतलेलं नाही, आणि घेतलेला एकही बैल वाईट निघालेला नाही. त्यामुळं त्यांना नको म्हणायची आपल्या घरात कुणाची टाप नाही.

पहिलं मशीन साताऱ्यात, गोपाळकृष्ण नावाच्या एका फोटोग्राफरकडं. माणूस सज्जन, चहा दिला, फोटोही काढतो म्हणाला. लहानसं लाकडी खोकं, पण आवाज इतका गोड की माझे डोळे भरून आले. तात्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, एका हातानं उचलून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "वासरू हाय गड्या. औताला चालायचं न्हाई." मी वाजवत असताना ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, मग कोपऱ्यावर गेले आणि तिथून नकाराचा हात केला. वाईट वाटलं, पण त्यांचं खरं होतं. दुसरं सांगलीत एका मांडववाल्याकडं, कर्ण्यासकट. आवाज कृष्णेच्या पलीकडं जाईल असा, पण त्यातून गिटार अशी बाहेर पडली की मांडववाल्याच्या बायकोनं आतून विचारलं, "आवं, कोण रडतंय?" तात्यांना ते पसंत पडलं. (त्यांच्या मते गिटार अशीच वाजते.) मी जन्मात पहिल्यांदा तात्यांना नाही म्हणालो. परतीच्या एस्टीत ते ड्रायव्हरच्या मागं बसले आणि मी शेवटच्या बाकावर.

तिसरं मिरजेत. एक गोव्याचा म्हातारा वादक बोटं आखडली म्हणून कायमचा गावी निघाला होता. त्याचं मशीन धान्याच्या कणगीएवढं, कोपऱ्यांना पितळी पत्रे, वर जाळी आणि आत काचेचे व्हॉल्व्ह, तापले की निखाऱ्यासारखे लाल होणारे. आम्हा दोघांना ते उचलेना, तिथंच तात्यांचा चेहरा फुलला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि खालून बोटांनी भाव सांगायला हात पुढं केला. म्हाताऱ्याला बैलबाजाराची रीत कुठली ठाऊक! त्यानं टॉवेलखाली तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि प्रेमानं दाबला. सौदा झाला. असा दिलदार विकणारा बघितला नाही, असं तात्या अजून सांगतात. निघताना म्हाताऱ्यानं मशीनवरून हात फिरवला आणि याला ओल सोसत नाही, जप, असं मला त्याच्या कोकणी मराठीत सांगितलं. तात्या तेव्हा गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते.

पण चालवून बघितल्याशिवाय दावणीला बांधायचं नाही, हा तात्यांचा नेम. आबा तासगावच्या बाजाराला गेल्याचं बघून आम्ही मशीन विहिरीच्या काठावर मांडलं, मोटारीच्या खोलीतून वायर घेतली आणि तात्या देवळापाशी जाऊन उभे राहिले. इथलं तिथं ऐकू आलं तर तिथलं इथं येणारच, असा हिशेब. मी तार छेडली. विहिरीतले सगळे पारवे एकदम उडाले आणि लांब देवळापाशी तात्यांचा पटका हवेत हलायला लागला. दादा, त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका आनंद झाला होता.

आता जत्रेचं. दिवेलागणीला सगळा गाव स्टेजपुढं बसलेला. पहिलं वाजवणं माझ्या एकट्याचं. मशीन तापून तयार, मी गिटार गळ्यात अडकवून उभा, आणि तात्या ताट घेऊन स्टेजवर चढले. आपल्याकडं ट्रॅक्टर आला, मोटार बसवली, आईचं शिवणाचं मशीन आलं, नारळ न फोडता काय चालू झालंय सांगा. हळदकुंकू वाहीपर्यंत मीही हात जोडून उभा होतो. मग तात्यांना तो पितळी कोपरा दिसला. एका घावात नारळ फुटला आणि सगळं पाणी जाळीतून आत गेलं. व्हॉल्व्ह असे फुटले की पाळण्यात बसलेल्या बायका किंचाळल्या, आणि सगळ्या जत्रेचे दिवे गेले. माझं बोट अजून तारेला लागलेलं नव्हतं. दिवे काही आले नाहीत. लोक कंदील धरून आपापल्या घरी गेले आणि मी त्या गरम मशीनवर बसून रडलो. लपवत नाही.

सकाळी गिटार पिशवीत घालून, विकायला न्यायची म्हणून आबांपुढं उभा राहिलो. आबा राखुंडीनं दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आलं ऐकू. ठिवून दे ती." जरा वेळानं गोठ्याकडं जाता जाता म्हणाले, "चाल बरी हुती." तात्या म्हणतात, हा नारळाचा गुण. गाव म्हणतं, तो धडाका विहिरीपर्यंत गेलाच असणार आणि आबा शब्दाला पक्के, तेव्हा अट पुरी झाली. मीही तसंच धरून चाललो. धडाक्याला चाल कुठली, असं एकदा मनात आलं होतं, पण मी गिटार परत खुंटीला अडकवली.

बाकी काही विशेष नाही. जिवाला जपून राहावे.

आपला आज्ञाधारक धाकटा,
मानसिंग

ता. क. भरतीच्या साहेबांपाशी माझा शब्द टाकला असलात तर कृपा करून मागं घ्यावा. तसंच तुमच्या पलटणीतल्या वायरलेसवाल्यांकडं मोडीत निघालेले व्हॉल्व्ह असतील, तर रीतसर विचारून सुट्टीवर येताना आणावेत. नारळ मी लपवून ठेवीन.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना आई येऊन बसली आणि हळूच बोलली. त्या संध्याकाळी आबा विहिरीवर नव्हतेच. धुतलेला पटका बांधून जत्रेत गेले होते आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागं घोंगडं पांघरून बसले होते. बांगड्या भरायला गेलेल्या आईनं बघितलं. दिवे गेल्यावर लोक उठले, आबा उठले नाहीत. दिवे येतील म्हणून स्टेजकडं तोंड करून अंधारात तसेच बसून राहिले. दादा, उत्तरात यातलं एक अक्षर लिहू नका. तुमची पत्रं आबांना मोठ्यानं वाचून दाखवणारा मीच आहे, आणि एवढं वाचायला माझा आवाज पुरायचा नाही.