साबणानं धुतलेलं कोकरू

आये, ताईला तिची स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. ती पण इथंच, हैदराबादेत, जिथं मी गलाईच्या दुकानात सोनं वितळवतो. तू गेलीस तेव्हा ती साताऱ्याला वसतिगृहात होती. तिथनं पुढं कुठं कुठं गेली, पण राबली कायम दुसऱ्याच्या हाताखाली. या वेळी तिला मोठ्या लोकांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा, नाही तर परत दुसऱ्याचं दार. आदल्या दिवशी तिचा फोन आला, "येऊन बस गड्या. समोर एक तरी आपलं माणूस पायजे." मी म्हणालो, "सातवी नापास माणूस तिथं काय करणार?" "गप बसणार. जमंल का तेवढं?" ते मला कधी जमलंय? शाळेत बसवलं की मी पळायचो, आणि मेंढरं सोडून तू माझ्या मागं काठी घेऊन.

तरी गेलो. ताई इंग्रजीत बोलत होती, मला 'बॅक्टेरिया' म्हणजे जंतू, एवढं सोडून काही कळेना. आणि अचानक पडद्यावर एक कोकरू आलं. ताईनं हातानं काढलेलं, एक कान काळा. मी लगेच ओळखलं.

आम्ही दोघं अजून लहान, कवठे महांकाळच्या माळावर आपली मेंढरं बसलीत. काळ्या कानाचं कालच जन्मलेलं कोकरू ताई हौसेनं अंगाच्या साबणानं धुते, पुसते, वर पावडर लावते. कोकरू मेंढीकडं जातं. मेंढी हुंगते आणि डोक्यानं ढकलून देते. परत जातं, परत ढकलते. तेवढ्यात तू येतेस. "कुणी धुतलं गं ह्येला?" ताई माझ्याकडं बघते, मी आभाळाकडं. "लगीन हाय व्हय त्येचं? आता तूच पाज." ताईच्या डोळ्यांत पाणी. मग तू त्याच मेंढीचं दूध काढून कोकराच्या पाठीवर, शेपटीखाली चोळतेस. मेंढी हुंगते, थांबते, पाय फाकवून उभी राहते. कोकराची शेपटी वळवळायला लागते. ताई नाक पुसत विचारते, "हुंगायचं तिला कुणी शिकवलं?" तू म्हणतेस, "शिकवाय लागत न्हाई. उपजत असतंय."

त्या हॉलमध्ये मला 'मदर' कळलं आणि 'सोप' कळलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटाच. सगळ्या माना वळल्या. ताईचं बोलणं अजून अर्धं राहिलं होतं. वाटलं, घालवलं हिचं. पण तीच हसली, मग पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे साहेबही हसले.

बाहेर चहा घेताना तिनं मला समजावलं. रक्तात राखणदार पेशी असतात, न शिकवता परकं कोण ते हुंगणाऱ्या. काही जंतू लबाड, आपल्या शरीराचाच वास स्वतःच्या अंगाला चोळून आत शिरतात. "म्हंजी आयेची युगत," मी म्हणालो. "व्हय. आणि म्या त्यो लेप धुऊन काढायच्या मागं हाय." "म्हंजी शिकून शिकून तू परत साबणच लावणार." ती इतकी हसली की चहा ओढणीवर सांडला. टाळ्यांबद्दल मात्र म्हणाली, "नोकरी न्हाई मिळाली तर तुझ्या दुकानात भट्टी फुकाय येईन."

काल फोन आला. आधी नुसतंच हसू ऐकू आलं, मग, "भट्टी तूच फुक रं."

उद्या ती येतेय. घर मिळेपर्यंत माझ्याच खोलीवर. हे लिहिलेलं कुठं पाठवणार? तुला अक्षर येत नव्हतं आणि माझं कुणाला लागत नाही. खोली झाडली, चादरी धुतल्या, पडदासुद्धा धुतला. राहिलं तुझं घोंगडं. ते हुंगलं आणि तसंच घडी घालून ठेवलं. ताई आल्या आल्या ते धू म्हणणार, आणि लोकर आकसते असं मी सांगणार. गार पाण्यानं काही होत नाही, तूच धुवायचीस, मला माहीत आहे.