माझा प्रेक्षक लॉयड

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठे दिग्दर्शक लिहितातच. मिस क्लेगनी वर्गात सांगितलं, फिल्म पाच मिनिटांचीच करा, पण कोणासाठी ते आधी ठरवा. फॉर्म दिला: प्रेक्षक कोण, त्याच्या आवडीनिवडी काय. बाकीची पोरं कँटीनमध्ये प्रश्नावल्या वाटत फिरतायत. मला गरज नाही. माझा प्रेक्षक सात वर्षं माझ्याच बाकावर बसतोय. लॉयड. लॉयडला आवडलं म्हणजे आमच्या अख्ख्या बार्न्सली गावाला आवडलं.

१४ जानेवारी
लॉयडची मुलाखत घेतली. चार मिनिटांत आटोपली. तो काय म्हणणार ते ठाऊक असल्यामुळे उत्तरं मीच भरली. भुतं: आवडतात. रक्त: भरपूर. शेवटी तो "अरे, पण" म्हणाला, तेवढ्यात बस आली.

२४ जानेवारी, शनिवार
कारखान्यामागे शूटिंग. लॉयड आला नाही. शनिवारी जमत नाही म्हणे. शनिवारी असं काय असतं माणसाला? विचारणार होतो, राहिलं. प्रेताचं काम धाकट्या बहिणीने केलं. गारठ्यात प्रेत शिंकलं. तसंच ठेवलं. वास्तववाद.

१० फेब्रुवारी
लॉयडला कच्ची फिल्म दाखवली. छान आहे म्हणाला. तीनदा. मग विचारलं, यात कोणी कोणाशी बोलत का नाही? म्हटलं, रक्त बोलतं. पटलं त्याला. लगेच बॅग उचलून निघाला. पोस्टर हिरवं केलंय. हिरवा त्याचा आवडता रंग. मला आवडायला लागला तेव्हापासून.
वर्गातली ब्रायनी आजोबांच्या शर्यतीच्या कबुतरांवर फिल्म करतेय. आजोबा बोलतात, कबुतरं दाणे खातात. बघणार कोण? कबुतरं?

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५
आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
सकाळी लॉयड म्हणाला, संध्याकाळी घरी ये, सगळे जमतोय. म्हटलं, प्रीमियरच्या दिवशी दिग्दर्शकाला सवड असते का? दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखली. माझी फिल्म लागली. प्रेत शिंकलं. हॉल हसला. हसू दे. मी फक्त लॉयडकडे बघत होतो. तो बुटाची नाडी बांधत होता. पाचही मिनिटं.
मग कबुतरं. आजोबा म्हणाले, हरवलेलं पाखरू चार दिवसांनी परत आलं तर जाब विचारायचा नाही, दाणे टाकायचे. आणि लॉयड रडत होता! माझा प्रेक्षक! तिच्या फिल्मला! शेवटी नावं आली. कॅमेरा: लॉयड.
जिन्यात गाठला. म्हटलं, गद्दारा, तुला भुतं आवडतात! तर म्हणतो, "मला भुतांची भीती वाटते रे. लहानपणापासून. तू कधी विचारलंस?" म्हटलं, विचारलं की, फॉर्म आहे माझ्याकडे. "त्यावर अक्षर कोणाचंय?" म्हणाला आणि गेला.
पाठीत सुरा. तोही फुकट कॅमेरा धरून.

४ मार्च
निश्चय: दगाबाजाशी जन्मात बोलायचं नाही. त्याला हे कळावं म्हणून कँटीनमध्ये तीनदा त्याच्या टेबलाजवळून गेलो. त्याने पाहिलं नाही.

६ मार्च
मिस क्लेगनी फॉर्म परत दिला. प्रेक्षकाचा भाग पुन्हा लिहा म्हणाल्या, या वेळी खरा. त्याही सामील दिसतात.

७ मार्च, शनिवार
मोठ्या मनाने लॉयडकडे गेलो. माफ करायला. दार त्याच्या आईने उघडलं. तो ब्रायनीच्या आजोबांकडे गेला होता, कबुतरखाना साफ करायला. दर शनिवारी जातो, वर्ष झालं, तुला माहीतच असेल, म्हणाली. म्हटलं, हो तर.
"ये बाळा, केक खा. मंगळवारचा उरलाय. अठरा वर्षांचा झाला की रे आमचा! तुझी वाट बघत मेणबत्त्या निम्म्या वितळल्या, तेव्हा कुठे फुंकल्या त्याने."
उभ्यानेच खाल्ला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कसला आहे? ती हसली. "आल्याचा. त्याला दुसरा कुठला चालतो का? तुला सांगायला हवं होय!"
घरी येऊन जुनी उत्तरं खोडली. नवा फॉर्म भरायला घेतला.
आवडीनिवडी: आल्याचा केक.
तासभर झाला. पुढचं सुचत नाहीये.