भुऱ्या पाच पावलं पुढे होता

नागपूर

बाबांना आचलचा नमस्कार,

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते. हे शेजारच्या बांधावरच्या काकांनाही वाचून दाखवा. रानडुकरं आपलं उन्हाळी धान तुडवतात आणि आपल्या तक्रारीला कुणी विचारत नाही. तुमचा हा राग माझाही आहे.

मी बरी आहे. होस्टेलचं जेवण ठीक आहे. रोज पंधरा किलोमीटर धावते. कोच मॅडम विचारतात, "धावताना सारखी पुढे काय बघतेस?" काय सांगू?

गावी मी पहाटे आपल्या बांधावरून धावायची. बांध एका माणसापुरता रुंद, म्हणून भुऱ्या पिल्लू असतानाच त्याला मी शिकवलं होतं, "पुढे!" म्हटलं की माझ्या पुढे पाच पावलं धावायचं. तीन वर्षं तो तसाच धावला. त्या पहाटे डुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेचा विजेच्या लाइनवरचा आकडा काढायला तुम्ही विसरलात. माझ्या डोळ्यांसमोर भुऱ्या तारेला चिकटून गेला. तुम्ही म्हणालात, "कुत्राच तं होता, काऊन रडून राहिली?"

बाबा, ती पाळी माझी होती. पाच पावलांनी चुकली.

आपण मचाणावर राखण करू, डबे वाजवू, मोर्चा काढू. मोर्चात भाषण करायला मी येईन. पण करंटला डुक्कर कोण आणि लेक कोण, हे कळत नाही.

आईचा खोकला कसा आहे? शेजारची डिंपल फोनवर म्हणाली, तार अजून तिथेच आहे आणि आई पहाटे मोहफुलं वेचायला त्याच बांधाने जाते. तिच्या पुढे आता कुणी धावत नाही.

पत्र खाली ठेवा, बाबा. आजच जाऊन ती तार गुंडाळून आणा.

तुमचीच,
आचल