विटाळाचा तास

बारामती, ६ ऑगस्ट १९९६
धर्माच्या समाजशास्त्राच्या तासाला ‘मासिक पाळी’ म्हटलं आणि पोरं बाकाखाली तोंडं घालून हसायला लागली! बी.ए.ची पोरं! धर्मात शुद्ध-अशुद्ध कुणी ठरवलं ते शिकवायचं, आणि बाईच्या अंगाचं नाव घ्यायचं नाही?
कळंबची दिपाली तेवढी हसली नाही. तिच्या आजीच्या, सारजाबाईंच्या अंगात देवी येते. उभी राहून म्हणाली, “मॅडम, पाळीत असताना पण देवी येत असंल का?” मी म्हटलं, आजीलाच विचार.

१० ऑगस्ट
दिपाली कॉलेजला येत नाही.

१३ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. समोर दिपालीचे वडील, सोपानराव. “बाई, काय शिकवलंत पोरीला? आमाला गावात तोंड दाखवायला जागा न्हाय!”
दिपालीनं विचारलं, म्हातारी सरळ बोलून गेली — ‘व्हय, तरणी असताना कैकदा आली.’ शेजारणीनं ऐकलं, गावभर झालं. देऊळ बाटवलं म्हणे! इतकी वर्षं जिच्या पाया पडले, तिलाच आता देवळाची पायरी बंद!
प्राचार्य म्हणतात, “थिअरी शिकवा ना. हे शरीरबिरीर कशाला?” मग विटाळ काय हवेला होतो? तो पेपर शिकवायचंच काढून घेतलं माझ्याकडून.

१८ ऑगस्ट, रविवार
कळंबला जाऊन आले. सारजाबाई ओट्यावर एकट्या. “मी लबाड न्हाय बोलले, बाई. तिला यायचं तवा ती यायची. मी काय तारीख दिली व्हती?” मग डोळ्याला पदर. “मंगळवारी समदी देवळात जात्यात. मी हितंच.”
हिच्या अंगाऱ्यानं पोरं बरी झाली म्हणून नवस फेडणारेच आज तोंड फिरवतात. संताप संताप झाला!
दिपालीनं चहा आणून दिला. मग आजीला खेटून बसली.

२१ ऑगस्ट
प्राचार्य लेखी माफी मागा म्हणतात. कसली? नाही मागणार.

२७ ऑगस्ट, मंगळवार
रजा टाकून कळंबच्या देवळात गेले. आरतीत दिपाली घुमायला लागली! केस सुटलेले, आवाज तिचा नव्हेच. “ह्या पोरीचा आज दुसरा दिवस हाय. तरी आले मी! आता मला बाटलेली म्हणा!”
सोपानरावच बाहेर धावले, घरून आईला हाताला धरून आत घेऊन आले.
खरं की सोंग? मी तिला विचारणार नाही. माझे हात जोडलेले होते — कधी जोडले, कळलंच नाही.