न दुखलेला खांदा

प्रिय मित्र शिगेयोशी,

तोकुजीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? नागोयाला लेकीच्या घरी ऊब असेल. इथे डोंगर लाल झालाय, आणि शाळेत बाकावर उभं राहून आपण म्हणायचो त्या पानगळीच्या कवितेची पहिली ओळ सारखी ओठांवर येते (पुढची तुलाच यायची, मी नुसते ओठ हलवायचो).

गावदेवाची पालखी झाली. दांडीखाली मी होतोच. दुसऱ्या दिवशी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, गरम पाण्याच्या हौदात सगळे कण्हत बसलेले. तोफूवाला हिसानोरी म्हणाला, "आजोबा, खांदा नुसता पेटलाय हो! तुमचं काय?" तुला ठाऊकच आहे, तरण्याचं अंग लगेच धरतं, म्हाताऱ्याचं दुखणं रमतगमत येतं. तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "माझा तर काल रात्रीच आंबला!" खरं सांगू? काहीच दुखत नव्हतं. सूनबाईंनी औषधाची पट्टी लावली, तिचा वास घरभर फुकट दरवळला. मी वाट पाहत राहिलो. (पालखीचे प्रमुख नागाकुरा म्हणताहेत, "पुढच्या वर्षी दांडी सोडा, कंदील धरा." ठणकता खांदा दाखवून त्यांचं तोंड बंद करायचा माझा बेत होता.)

मग पडल्या पडल्या उमगलं. दुखतं तिथे वजन येऊन गेलेलं असतं रे. माझ्या खांद्यावर ते आलंच नाही. वयानं मी उंचीला आटलोय, आणि मागेपुढे ही ताडमाड पोरं. दांडी त्यांच्या खांद्यांवर, मी आपला खालून हात लावून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतो. हिसानोरीला हे तेव्हाच दिसलं असेल का? विचारायचा धीर होत नाही. हौदात त्यानं मुद्दाम विचारलं असेल, मला बढाई मारता यावी म्हणून.

प्रकृतीला जप.

तुझा,
तोकुजी

ता. क. – पाकीट आणायला उठलो आणि मटकन खाली बसलो. दुखणं आलं! पण पोटऱ्यांत. दांडी खांद्याला लागावी म्हणून देवळापासून नदीपर्यंत चवड्यांवर चाललो होतो, ते आत्ता आठवलं.

पुन्हा ता. क. – नागाकुरांना कंदिलासाठी होकार कळवलाय. कंदील दोन असतात. दुसऱ्यासाठी तुझं नाव सांगून टाकलं. लेकीला विचारत बसू नकोस, सरळ निघून ये. गुडघ्याची काळजी नको. कंदीलवाले सगळ्यांच्या पुढे असतात. आपण हळू चाललो, तर देवालाही हळूच यावं लागेल.